रिसोर्स गव्हर्नर: घेतला जातो सीपीयूसाठी, उपयोगी पडतो मेमरीसाठी

दिवसभराचे व्यवहार, मोठे रिपोर्ट आणि रात्रीची देखभाल ही तिन्ही कामं एकाच एसक्यूएल सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर) चालत असली, की एखाद्या रिपोर्टपायी बाकीच्यांचा खोळंबा होणं ठरलेलंच. हा खोळंबा आवरण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २००८ च्या आवृत्तीत रिसोर्स गव्हर्नर आणला. तो वेगळा विकत घ्यायचा नसतो, डेटाबेस इंजिनातच असतो. अनेक वर्षं फक्त एंटरप्राइझ आवृत्तीवाल्यांनाच तो वापरता येत होता (डेव्हलपर आवृत्तीत शिकण्यापुरता मिळायचा). एसक्यूएल सर्व्हर २०२५ पासून तो स्टँडर्डमध्येही आला आहे. त्यामुळे आजवर ज्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं, त्यांच्यासाठी हे परीक्षण.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. मेमरी ग्रँट (क्वेरीसाठी आगाऊ राखलेली मेमरी) आणि समांतरता (एकच क्वेरी अनेक कोअरवर एकदम चालणं) यांना लगाम घालायला हे साधन उत्तम आहे. सीपीयूचं वाटप ते ठीकठाक करतं, पण नावावरून वाटतं तितकं नाही. डिस्कच्या बाबतीत उपयोग मर्यादित आहे, आणि लॉकमुळे (एका कामाने धरून ठेवलेल्या डेटामुळे) होणाऱ्या अडवणुकीवर त्याच्याकडे काहीच उपाय नाही. बहुतेक जण ते सीपीयूसाठी बसवतात आणि निराश होतात. मेमरीसाठी बसवलं तर पहिल्याच आठवड्यात फरक दिसू शकतो.

रचना तीन थरांची आहे. सर्वांत खाली रिसोर्स पूल, म्हणजे सीपीयू, मेमरी आणि डिस्कवरच्या वाचन-लेखनाचा वाटा. पूलच्या आत एक किंवा अनेक वर्कलोड ग्रुप असतात, आणि एकेका विनंतीवरचे नियम त्यांच्यावर लावले जातात. कोणतं सेशन (सर्व्हरशी झालेली एक जोडणी) कोणत्या ग्रुपमध्ये जाणार, हे लॉगिनच्या वेळी क्लासिफायर नावाचं एक फंक्शन ठरवतं. इंटर्नल आणि डिफॉल्ट हे दोन पूल आणि त्याच नावांचे दोन ग्रुप आधीपासून असतात. इंटर्नलला हात लावता येत नाही, डिफॉल्टला लावता येतो. बदल कोणताही असो, शेवटी ऑल्टर रिसोर्स गव्हर्नर रीकॉन्फिगर ही आज्ञा द्यावीच लागते. ती द्यायची राहिली, तर नवे आकडे कॅटलॉगमध्ये (साठवलेल्या सेटिंगांच्या यादीत) दिसतात, प्रत्यक्षात मात्र जुनेच नियम चालू असतात. कॉन्फिगरेशनच्या डीएमव्हीत (सर्व्हरची चालू स्थिती दाखवणाऱ्या अंतर्गत तक्त्यात) रीकॉन्फिगर बाकी आहे का हे सांगणारा स्तंभ आहे. प्रत्येक बदलानंतर तो पाहायची सवय लावून घ्यावी.

आता सीपीयू. पूलवर मिन सीपीयू पर्सेंट आणि मॅक्स सीपीयू पर्सेंट असे दोन आकडे देता येतात. मॅक्स २० ठेवला आणि तरी रिपोर्टने सर्व्हरचा ९० टक्के सीपीयू खाल्ला, ही नेहमीची तक्रार. त्यात बिघाड काही नाही. मॅक्सची मर्यादा फक्त ओढाताण असते तेव्हाच लागू होते. दुसऱ्या पूलमधलं कोणी रांगेत नसेल, तर रिकामा सीपीयू पडू देण्यापेक्षा इंजिन तो मागणाऱ्याला देऊन टाकतं, आणि हे योग्यच आहे. काहीही झालं तरी अमुक टक्क्यांवर जाऊ द्यायचं नसेल, तर २०१२ मध्ये आलेला कॅप सीपीयू पर्सेंट वापरावा. तो पक्का अडसर आहे. कॉम्प्रेशनसह घेतलेला बॅकअप सीपीयूवर फार ताण टाकत असेल, तर त्यासाठी स्वतंत्र पूल करून कॅप लावणं हा या साधनाचा अगदी सरळ उपयोग आहे. बॅकअपला वेळ जास्त लागेल, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखायचं.

हा हिशेब संपूर्ण मशीनचा होत नाही, शेड्युलरमागे (शेड्युलर म्हणजे एकेका कोअरवर काम लावणारा इंजिनाचा भाग) होतो, ही गोष्ट माहितीपत्रकं वाचून चटकन लक्षात येत नाही. १६ कोअरच्या सर्व्हरवर रिपोर्टची क्वेरी तिसऱ्या शेड्युलरवर आणि व्यवहाराची नवव्यावर चालली असेल, तर त्या दोघींत स्पर्धाच नाही. मग टक्केवारी लागू होण्याचा प्रश्नही येत नाही. मोजक्या सेशनांची चाचणी घेऊन ‘गव्हर्नर चालत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, त्यामागे बहुधा हेच कारण असतं. चाचणी खरी व्हायची असेल, तर दोन्ही पूलमधून शेड्युलरांच्या संख्येपेक्षा जास्त काम एकाच वेळी सोडावं, किंवा २०१२ पासून मिळालेल्या अ‍ॅफिनिटीच्या पर्यायाने दोन्ही पूल एकाच शेड्युलरला बांधून पाहावं.

मिनच्या आकड्यांतही एक गणित दडलेलं आहे. एखाद्या पूलची प्रत्यक्ष कमाल मर्यादा म्हणजे त्याचा स्वतःचा मॅक्स, किंवा १०० मधून बाकी सर्व पूलचे मिन वजा केल्यावर उरणारा आकडा, यांतला जो लहान असेल तो. समजा व्यवहारांच्या पूलला मिन ५०, रिपोर्टला १० आणि देखभालीला १० दिला, आणि मॅक्स सगळीकडे १०० च ठेवला. रिपोर्टची खरी मर्यादा निघते ४०, व्यवहारांची ८०, आणि डिफॉल्ट पूलच्या वाट्याला जेमतेम ३० येतात. सर्व मिनांची बेरीज १०० च्या वर जाऊ दिली जात नाही, पण ९० पर्यंत नेली तरी डिफॉल्टमध्ये पडणाऱ्या सगळ्यांची उपासमार होते. त्यातही सीपीयूचा मिन वापरात नसेल तेव्हा इतरांना मिळतो, मेमरीचा मिन मात्र त्या पूलसाठी अडकून राहतो, तिथे एकही क्वेरी चालू नसली तरी. म्हणून मेमरीचा मिन शून्यच ठेवावा. तो वाढवायला ठोस कारण हवं, आणि असं कारण क्वचितच सापडतं.

ग्रुपवरच्या इम्पॉर्टन्स या सेटिंगबद्दल थोडक्यात: लो, मीडियम आणि हाय ही तुलना एकाच पूलमधल्या ग्रुपांमध्येच होते. वेगळ्या पूलमधल्या ग्रुपला हाय देऊन तो दुसऱ्या पूलच्या पुढे जात नाही.

या साधनाचं खरं मोल कळतं ते मेमरीपाशी. आधी एक गैरसमज दूर करायला हवा: मॅक्स मेमरी पर्सेंटने बफर पूल (डिस्कवरून वाचलेली डेटाची पानं ठेवायची मेमरी) आवरला जात नाही. कोणाच्या रिपोर्टने किती पानं मेमरीत ओढून आणली आणि त्यापायी दुसऱ्यांची किती पानं बाहेर गेली, यावर रिसोर्स गव्हर्नरचं काही चालत नाही. तो आवरतो ती मुख्यतः क्वेरी चालवताना सॉर्ट आणि हॅशसाठी (ओळी क्रमाने लावण्यासाठी आणि जुळवण्यासाठी) आगाऊ राखून ठेवली जाणारी मेमरी, म्हणजेच मेमरी ग्रँट. आणि मोठ्या सर्व्हरवरचं दुखणं बहुतेकदा नेमकं इथेच असतं.

डिफॉल्ट ग्रुपमध्ये एका विनंतीला मिळू शकणाऱ्या ग्रँटची मर्यादा २५ टक्के असते. रिसोर्स सेमाफोरच्या (ग्रँट वाटणाऱ्या यंत्रणेच्या) डीएमव्हीत टार्गेट मेमरीचा आकडा पाहावा. तो ८० जीबी असेल, तर एकेक क्वेरी २० जीबी मागू शकते. अशा चार क्वेऱ्या एकदम आल्या की पाचवीपासून सगळ्या रिसोर्स सेमाफोरच्या वेटमध्ये अडकतात. त्या वेळी सीपीयू निवांत असतो, डिस्कही शांत असते, आणि वापरणारे मात्र स्क्रीनकडे बघत बसलेले असतात. बरेचदा ऑप्टिमायझरचा (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या भागाचा) ओळींचा अंदाज चुकलेला असतो आणि मागितलेल्या २० जीबीपैकी एखादाच जीबी खरोखर वापरला जातो. बाकीची मेमरी ती क्वेरी संपेपर्यंत कोणाच्याच उपयोगाची नसते.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय असा, की एकही नवा पूल न करता आणि क्लासिफायर न लिहिता, फक्त डिफॉल्ट ग्रुपचा रिक्वेस्ट मॅक्स मेमरी ग्रँट पर्सेंट २५ वरून १० वर आणावा आणि रीकॉन्फिगर द्यावं. वरच्या उदाहरणात एकेका क्वेरीची झेप २० जीबीवरून ८ जीबीवर येते आणि चारऐवजी दहा मोठ्या क्वेऱ्या एका वेळी चालू शकतात. १० हा आकडा डोळे झाकून उचलू नये. क्वेरी स्टॅट्सच्या डीएमव्हीत प्रत्येक क्वेरीची जास्तीत जास्त ग्रँट, प्रत्यक्ष वापरलेली ग्रँट आणि आदर्श ग्रँट असे तीन आकडे असतात. प्रत्यक्ष वापराच्या आकड्यांवरून उतरती यादी काढावी. वरच्या दहा-वीस क्वेऱ्या ज्यात सामावतील, त्याच्या किंचित वर टक्केवारी ठेवावी. फार खाली गेलात तर सॉर्ट आणि हॅश टेम्पडीबीत (सर्व्हरच्या तात्पुरत्या डेटाबेसमध्ये) सांडू लागतात, आणि मेमरीची रांग संपून डिस्कची रांग सुरू होते. त्याच डीएमव्हीतला स्पिलचा (अशा सांडण्याचा) स्तंभ बदलाच्या आधी आणि नंतर टिपून ठेवला, की मर्यादा जास्त आवळली गेली का ते कळतं.

आपण स्वतः बनवलेल्या ग्रुपमध्ये एक धोका जास्तीचा आहे. क्वेरीला किमान लागणारी मेमरीच मर्यादेबाहेर असेल, तर इंजिन आधी समांतरता कमी करत जातं. एका थ्रेडवर येऊनही भागलं नाही, तर क्वेरी ८६५७ क्रमांकाची त्रुटी देऊन थांबते. डिफॉल्ट ग्रुपमध्ये अशा क्वेरीला आवश्यक तेवढी मेमरी दिली जाते. त्यामुळे ‘डिफॉल्टमध्ये चालत होती, नव्या ग्रुपमध्ये पडते’ असं कोणी म्हणालं, तर आधी हेच तपासावं. ग्रुपची टक्केवारी ही पूलच्या मर्यादेवरची टक्केवारी असते, हेही विसरलं जातं. पूलला मॅक्स मेमरी ४० आणि ग्रुपला १५ दिला, तर ८० जीबीपैकी पूलला सुमारे ३२ जीबी आणि एका क्वेरीला सुमारे ४.८ जीबी. २०१९ पासून या जागी अपूर्णांकही चालतात. एक टीबी किंवा त्याहून जास्त मेमरीच्या मशीनवर एक टक्कासुद्धा मोठा घास असतो, तिथे ही सोय फार मोलाची आहे.

ग्रँटसाठी ताटकळलेली क्वेरी किती वेळ थांबेल, तेही ग्रुपवर ठरवता येतं. शून्य ठेवलं तर क्वेरीच्या खर्चावरून इंजिन स्वतः वेळ काढतं. वेळ संपल्यावर ८६४५ ही त्रुटी येऊ शकते. ही त्रुटी वरचेवर दिसू लागली, तर वेळ वाढवत बसण्यापेक्षा ग्रँटची टक्केवारी आणि चुकीचे अंदाज यांकडे बघा.

मॅक्स डीओपीच्या (एका क्वेरीच्या समांतरतेच्या कमाल मर्यादेच्या) बाबतीत गव्हर्नर मनापासून आवडावा असा आहे. ग्रुपवर ४ लिहिलं, की त्या ग्रुपमधल्या कोणीही क्वेरीत ३२ चा हिंट (सूचना) दिला तरी ४ च्या वर जाता येत नाही. सर्व्हरच्या सर्वसाधारण सेटिंगला हिंट ओलांडून जातो, ग्रुपच्या मर्यादेला नाही. रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर बाहेरचं आहे, त्याच्या क्वेऱ्यांना हात लावता येत नाही, अशा ठिकाणी हा एकच आकडा संपूर्ण मांडणीचं सार्थक करतो.

क्लासिफायर हा सगळ्यांत नाजूक भाग. तो मास्टर डेटाबेसमध्ये, स्कीमाबाइंडिंगसह (फंक्शन ज्यांवर अवलंबून आहे त्या गोष्टी बदलू न देणाऱ्या पर्यायासह), ग्रुपचं नाव परत करणारं स्केलर फंक्शन म्हणून लिहायचा असतो, आणि एका वेळी एकच चालू असतो. तो प्रत्येक लॉगिनला चालतो, म्हणून त्यात तीन-चार साध्या तुलनांपेक्षा जास्त काही नसावं. टेबलातून शोधून ग्रुप ठरवण्याचा मोह आवरा. ते टेबल कोणी लॉक करून ठेवलं, तर सर्व्हरवर कोणालाच लॉगिन करता येणार नाही. अशा वेळी आत शिरायचा मार्ग म्हणजे डॅक, म्हणजे प्रशासकासाठी राखीव जोडणी. तिला क्लासिफायर लागू होत नाही. म्हणून क्लासिफायर चालू करण्याआधी दूरच्या मशीनवरून डॅक वापरता येईल असं सेटिंग करून घ्यावं आणि एकदा जोडून पाहावं. ही पायरी टाळू नका.

परत आलेलं नाव कोणत्याही ग्रुपशी जुळलं नाही, किंवा नल (रिकामं मूल्य) आलं, तर सेशन गुपचूप डिफॉल्टमध्ये जातं. नावात एक अक्षर चुकलं तरी कुठे त्रुटी दिसत नाही. बसवल्यावर लगेच सेशनांच्या डीएमव्हीतला ग्रुप आयडी ग्रुपांच्या यादीशी जोडून कोण कुठे गेलं ते पाहावं. वर्गीकरण शक्यतो लॉगिनवर किंवा सर्व्हर रोलवर करावं. अ‍ॅप नेम आणि होस्ट नेम जोडणी करणारा स्वतः लिहून पाठवतो. ज्याला वरच्या ग्रुपमध्ये शिरायचं आहे, त्याने कनेक्शन स्ट्रिंगमध्ये एक शब्द बदलला की झालं.

वर्गीकरण फक्त लॉगिनच्या क्षणी होतं, ही या साधनाची सर्वांत मोठी उणीव आम्हाला वाटते. घड्याळ पाहून ग्रुप ठरवणारा क्लासिफायर लिहिता येतो, पण संध्याकाळी पाचला जोडलेलं सेशन रात्रभर त्याच ग्रुपमध्ये राहतं. क्वेरी मधेच जड निघाली म्हणून तिला खालच्या ग्रुपमध्ये ढकलता येत नाही. ओरॅकलच्या रिसोर्स मॅनेजरमध्ये ठरावीक सीपीयू वेळ उलटल्यावर सेशनचा गट आपोआप बदलण्याची सोय आहे. इथे ती हवीच होती.

एजंटच्या (वेळापत्रकानुसार कामं चालवणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरच्या सेवेच्या) जॉबांसाठी एक तपशील. टी-एसक्यूएल प्रकारच्या स्टेपला प्रॉक्सी (वेगळ्या खात्याने चालवण्याची सोय) लावता येत नाही, त्यामुळे असे सगळे जॉब एजंटच्या सर्व्हिस अकाउंटनेच लॉगिन करतात. त्यांना वेगळं काढायचं तर अ‍ॅप नेम एसक्यूएल एजंटने सुरू होतं का हे तपासावं लागतं, किंवा स्टेप कमांड प्रकारची करून प्रॉक्सीखाली एसक्यूएलसीएमडी (कमांड लाइनवरून क्वेरी चालवणारा प्रोग्राम) चालवावा लागतो. दुसरा मार्ग थोडा कष्टाचा आहे, पण बॅकअप एका पूलमध्ये आणि इंडेक्स रीबिल्ड दुसऱ्यात, असा स्वच्छ विभाग त्यानेच पडतो.

उरलेल्या सेटिंगांपैकी रिक्वेस्ट मॅक्स सीपीयू टाइम फसवं आहे. ६० सेकंद लिहिलं म्हणजे ६० सेकंदांनी क्वेरी मरते, असं नाही. मुळात मर्यादा ओलांडल्याची फक्त घटना नोंदवली जाते. क्वेरी खरोखर थांबवायची असेल, तर २०१६ सर्व्हिस पॅक २ किंवा २०१७ च्या तिसऱ्या संचयी अपडेटपासून ट्रेस फ्लॅग (सर्व्हरचं वर्तन बदलणारा स्विच) २४२२ चालू करता येतो. शिवाय मोजला जातो तो सीपीयूचा वेळ. लॉकची वाट पाहत तासभर बसलेली क्वेरी या जाळ्यात सापडत नाही.

डिस्कसाठी २०१४ पासून प्रत्येक व्हॉल्यूममागे किमान आणि कमाल आयओपीएस (दर सेकंदाला होणारी वाचनं-लेखनं) देता येतात. मर्यादा लागते ती वापरकर्त्यांच्या कामाला. लॉगमध्ये होणारं लेखन आणि लेझी रायटरचं (मेमरीतली पानं डिस्कवर लिहून जागा मोकळी करणाऱ्या अंतर्गत प्रक्रियेचं) काम तिच्या कक्षेत येत नाही. टेबलं स्कॅन करणारा रिपोर्ट किंवा कन्सिस्टन्सी तपासणी आवरायला तिचा उपयोग होतो, भरमसाट इन्सर्ट आवरायला होत नाही. आकडा ठरवण्याआधी त्या व्हॉल्यूमची खरी क्षमता मोजलेली हवी.

२०२५ च्या आवृत्तीत टेम्पडीबीवर मर्यादा आली, आणि ही भर फार दिवसांची गरज भागवते. एका ग्रुपने टेम्पडीबीत किती एमबी जागा घ्यावी हे ठरवता येतं. ओलांडणारी क्वेरी ११३८ क्रमांकाच्या त्रुटीने थांबते, बाकीचा सर्व्हर चालू राहतो. हीसुद्धा डिफॉल्ट ग्रुपवर, क्लासिफायरशिवाय लावता येते. टक्केवारीचा पर्यायही आहे, पण त्याचा अर्थ टेम्पडीबीच्या फाइलींच्या रचनेवर अवलंबून राहतो, म्हणून सुरुवात एमबीपासून करावी. टेम्पडीबीचा लॉग आणि व्हर्जन स्टोअर (ओळींच्या जुन्या प्रती ठेवायची जागा) या मर्यादेत मोजले जात नाहीत. लांबलेल्या ट्रान्झॅक्शनमुळे टेम्पडीबी भरत असेल, तर तो वेगळा आजार आहे.

आता लॉकबद्दल. देखभालीच्या एखाद्या अपडेटला १० टक्के कॅप लावला. तो आधी दोन मिनिटांत संपायचा, आता वीस मिनिटं रेंगाळतो, आणि त्याने धरलेले लॉकही वीस मिनिटं सुटत नाहीत. हाय दर्जाच्या ग्रुपमधला व्यवहार त्या लॉकमागे उभा असतो, आणि गव्हर्नरला त्याची कल्पनाही नसते. ज्याला मागे ठेवायचं होतं, त्यानेच पुढच्याला अडवलं. म्हणून कॅप आणि आवळलेले आकडे वाचणाऱ्या कामांना लावावेत. लिहिणाऱ्या जड कामांची आधी लहान बॅचमध्ये विभागणी करावी, मगच त्यांना पूल द्यावा. ग्रुप मॅक्स रिक्वेस्ट्स (ग्रुपमध्ये एका वेळी किती विनंत्या चालाव्यात याची मर्यादा) लावतानाही हेच भान ठेवायला हवं.

बसवल्यावर देखरेख सोपी आहे. पूल आणि ग्रुप या दोन डीएमव्हींत जवळपास सगळं मिळतं: पूलमध्ये ग्रँटसाठी थांबलेल्यांची संख्या आणि टाइमआउट, ग्रुपमध्ये रांगेतल्या विनंत्या, कमी करून दिलेल्या ग्रँट आणि सीपीयू मर्यादेची उल्लंघनं. आकडे एकत्रित साठत जातात, म्हणून ठरावीक अंतराने त्यांची नोंद घेऊन फरक काढावा. मर्यादा न घालता नुसते ग्रुप करून दोन आठवडे मोजमाप घेणं, ही सर्वांत शहाणी सुरुवात. कोणतं काम खरोखर किती खातं हे तेव्हा कळतं, आणि निम्मे वाद तिथेच मिटतात.

नंतर बदल करताना दोन अडथळे येतात. चालू असलेला क्लासिफायर जागच्या जागी बदलता येत नाही. आधी क्लासिफायर नल करून रीकॉन्फिगर, मग फंक्शन बदलणं, मग पुन्हा नेमणूक आणि रीकॉन्फिगर, असा क्रम असतो. मधल्या काळात आलेली सेशनं डिफॉल्टमध्ये जातात, म्हणून हे काम शांत वेळी करावं. त्यापेक्षा नव्या नावाचं फंक्शन तयार करून तेच नेमणं जास्त सोयीचं. दुसरा अडथळा ग्रुप काढताना किंवा दुसऱ्या पूलमध्ये हलवताना येतो. त्या ग्रुपमध्ये एकही सेशन जिवंत असेल, तर रीकॉन्फिगर १०९०४ ही त्रुटी देतं. कनेक्शन पूलिंगमुळे (जोडण्या न तोडता पुन्हा वापरण्याच्या पद्धतीमुळे) निष्क्रिय सेशनं तासन्‌तास जिवंत राहतात, म्हणून ती तोडण्याची तयारी ठेवूनच हात घालावा. नुसते आकडे बदलायला मात्र असा त्रास होत नाही.

इतरांशी तुलना करता मायएसक्यूएल ८.० मधले रिसोर्स ग्रुप फक्त थ्रेडचा प्राधान्यक्रम आणि कोअर ठरवतात, मेमरीला हात लावत नाहीत. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये असं स्वतंत्र साधनच नाही, तिथे रोलवर वर्क मेम आणि स्टेटमेंट टाइमआउट लावून भागवावं लागतं. ओरॅकलचं साधन जास्त लवचीक आहे, पण तेही एंटरप्राइझ आवृत्तीपुरतं. स्टँडर्डवर २०२५ चालवणाऱ्यांनी डिफॉल्ट ग्रुपची ग्रँट टक्केवारी आणि टेम्पडीबीची मर्यादा हे दोन बदल आधी करावेत. क्लासिफायर लिहायची वेळ त्यानंतरही आलीच, तर रिपोर्टसाठी एकच ग्रुप काढून सुरुवात करावी.